रेघ ओढण्यापूर्वी विचारावे : इंदूरच्या वाढीचे नियोजन आणि नागरिक

इंदूरच्या पश्चिम भागातील एका रहिवासी संघाच्या सचिवांनी मला विचारले आहे की, नगर निगमाच्या परिषदेपुढे शहराच्या पुढील वाढीचे नियोजन आणि त्यातील लोकसहभाग हा विषय चर्चेला येत आहे. अशा वेळी सामान्य रहिवाशांनी नेमके काय करावे, कोणाकडे बोलावे, आणि बोलून काही उपयोग होतो का. त्यांनी पत्रात आणखी एक वाक्य लिहिले आहे, ते मला अधिक महत्त्वाचे वाटते : ‘मागच्या वेळी आम्ही दीडशे जणांनी आपत्ती, म्हणजे हरकत, नोंदवली होती, पण पुढे काय झाले ते आम्हाला कधी कळलेच नाही.’ माझी सारी नोकरी नगर नियोजनात गेली. अशा सुनावण्यांत मी टेबलाच्या त्या बाजूला बसलो आहे आणि निवृत्तीनंतर या बाजूलाही उभा राहिलो आहे. म्हणून हे उत्तर थोडे लांबले तरी सविस्तर द्यावे असे वाटते.

सर्वप्रथम, निर्णय कोणाच्या हातात असतो हे स्पष्ट असले पाहिजे, कारण पुष्कळ शक्ती चुकीच्या दारावर टकटक करण्यात वाया जाते. आपण ज्याला मास्टर प्लॅन म्हणतो, ती विकास योजना मध्य प्रदेशात नगर निगम तयार करत नाही. १९७३ च्या मध्य प्रदेश नगर तथा ग्राम निवेश अधिनियमानुसार ती राज्याच्या नगर तथा ग्राम निवेश संचालनालयाकडून तयार होते आणि तिला मंजुरी राज्य शासन देते. राज्यघटनेच्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने, जी १ जून १९९३ पासून अमलात आली, बाराव्या अनुसूचीत नगर नियोजन हा पहिलाच विषय म्हणून लिहिला आणि तो महापालिकांकडे सोपवता येईल अशी वाट मोकळी केली. परंतु ती वाट चालायची की नाही हे राज्यांवर सोडले, आणि आपल्याकडे विकास योजनेचा अधिकार राज्याकडेच राहिला. यावरून परिषदेतील चर्चा निरर्थक आहे असा अर्थ मात्र काढू नये. पार्षदांचा, म्हणजे नगरसेवकांचा, ठराव, हरकती ऐकणाऱ्या समितीतील महापौरांचे स्थान आणि निगमाच्या हातात असलेले रस्ते, पाणी, जलनिस्सारण व अंदाजपत्रक यांचे वजन मोठे आहे. मात्र परिषदेकडून काय मागावे आणि संचालनालयाकडून काय मागावे, या दोन याद्या आपण वेगळ्या ठेवल्या पाहिजेत.

आता आपल्या प्रश्नाच्या गाभ्याकडे येतो. योजना तयार होताना कायद्याने नागरिकांना बोलण्याची संधी एकदा नव्हे, दोनदा दिलेली आहे, आणि लोक जवळजवळ नेहमी दुसऱ्याच संधीला पोहोचतात. पहिली संधी कलम १५ खाली येते. निवेश क्षेत्र, म्हणजे योजनेखाली येणारे क्षेत्र, ठरल्यावर संचालनालय ‘वर्तमान भूमी उपयोग नकाशा’ तयार करून प्रसिद्ध करते, म्हणजे आज कोणत्या खसऱ्यावर (जमिनीच्या गट क्रमांकावर) काय आहे, घर आहे की शेत, नाला आहे की कारखाना, याचा नकाशा. आणि त्यावर तीस दिवसांत आपत्ती मागवते. दुसरी संधी कलम १८ खाली, प्रारूप योजना, म्हणजे योजनेचा मसुदा, प्रसिद्ध झाल्यावर येते. त्यालाही तीसच दिवस असतात. प्रारूपावरील या आपत्तींची सुनावणी कलम १७-क खालील समिती करते, जिच्यात महापौरांसह लोकप्रतिनिधी, निवेश क्षेत्रातील सरपंच आणि व्यावसायिक संस्थांचे प्रतिनिधी असतात. प्रारूपाच्या वेळी सभागृह भरून वाहते, वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात. वर्तमान भूमी उपयोग नकाशाच्या वेळी कार्यालयात शुकशुकाट असतो, कारण त्यात कोणाचे काही जाताना दिसत नाही. वस्तुतः सगळे काही तिथेच ठरते. त्या नकाशावर जर तुमच्या मोहल्ल्यामागचा नाला ‘रिक्त भूमी’ म्हणून रंगवला गेला, तर दोन वर्षांनी त्याच्यावर निवासी पिवळा रंग चढतो, आणि मग दीडशे जणांच्या सह्यांना उत्तर एकच मिळते : वर्तमान भूमी उपयोगाच्या वेळी कोणी आपत्ती घेतली नव्हती.

एका शहराच्या योजनेवर मी काम करत होतो, तेव्हाचा प्रसंग सांगतो. प्रस्तावित वळणरस्त्यावर तीनशेच्या आसपास आपत्ती आल्या होत्या. त्यातील बहुतेक एकाच मजकुराच्या छायाप्रती होत्या, खाली फक्त नाव आणि सही वेगळी. त्या एका गठ्ठ्यात बांधल्या गेल्या आणि ‘समान स्वरूपाच्या आपत्ती, अमान्य’ असा एकच शेरा त्या गठ्ठ्यावर पडला. हे योग्य झाले असे मी आजही म्हणणार नाही, पण होते ते असेच. त्याच ढिगात एका निवृत्त शिक्षकांचा दोन पानी अर्ज होता. त्यांनी खसरा क्रमांक लिहिले होते, हाताने एक रेखाकृती काढली होती, आणि श्रावण-भाद्रपदात पाणी कोणत्या उंचीपर्यंत येते ते तीन घरांच्या भिंतींवरील खुणांसह नोंदवले होते. त्या खुणा आमच्या सर्वेक्षणात नव्हत्या, कारण आमचे सर्वेक्षण उन्हाळ्यात झाले होते. समितीचे लोक प्रत्यक्ष जाऊन पाहून आले आणि रस्त्याची आखणी सरकली. त्या शिक्षकांकडे कोणताही विशेष अधिकार नव्हता. आमच्याकडे नसलेली माहिती होती. लोकसहभागाचे खरे मूल्य मला त्या दिवशी समजले. नागरिकांचे मत तर हवेच असते, पण त्याहून अधिक त्यांचे ज्ञान हवे असते, आणि ते ज्ञान रेघ ओढण्यापूर्वी आले तर कोणाला हरावे लागत नाही. रेघ ओढल्यानंतर आले, तर कोणाची तरी प्रतिष्ठा आडवी येते.

इंदूरला हा धडा नवा असण्याचे कारण नाही. तिसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या काळात दरबाराने स्कॉटलंडचे नगर नियोजक पॅट्रिक गेडिस यांना शहराची योजना करण्यासाठी बोलावले होते, आणि त्यांचा अहवाल १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला. शहरात तेव्हा प्लेगची भीती होती, लोक घरे सोडून जात होते, आणि नकाशे घेऊन गल्लीबोळांतून हिंडणारा हा परका माणूस आपली घरे पाडायला आला आहे, अशी समजूत पसरली होती. गेडिस यांनी त्यावर केलेला उपाय नियोजनाच्या इतिहासात वारंवार सांगितला जातो. त्यांनी एक मोठी मिरवणूक आखली आणि जाहीर केले की, ती नेहमीच्या मार्गाने न जाता ज्या मोहल्ल्यांनी घरांची दुरुस्ती आणि स्वच्छता सर्वांत चांगली केली असेल त्या रस्त्यांनी जाईल. मिरवणुकीत प्लेगचा प्रचंड उंदीर होता, डास होते, सजवलेल्या गाड्यांबरोबर शुभ्र वस्त्रांतील सफाई कामगार सन्मानाने चालत होते, आणि शेवटी घाणीच्या राक्षसाबरोबर त्या उंदराचेही दहन झाले. लोकांना तुळशीची रोपे वाटली गेली. ज्या वस्त्यांनी रस्ता रुंद करण्याच्या भीतीने दारे लावून घेतली असती, त्यांनी स्वतःहून झाडलोट केली.

गेडिस यांची दुसरी गोष्ट व्यवसायाच्या दृष्टीने मला अधिक मोलाची वाटते. दाट वस्तीतून सरळ रुंद रस्ता कापून काढण्याला त्यांचा विरोध होता. अगदी मोडकळीला आलेली मोजकी घरे काढावीत, मध्ये एखादा चौक, एखादे झाड, विहिरीभोवती मोकळी जागा निर्माण करावी आणि उरलेली वस्ती जगू द्यावी, असे ते सांगत. असे नियोजन कार्यालयात बसून करता येत नाही, कारण कोणते घर मोडकळीला आले आहे आणि कोणत्या ओट्यावर संध्याकाळी मोहल्ला जमतो हे तिथे राहणाराच सांगू शकतो. बडा गणपती ते कृष्णपुरा छत्री या रस्त्याच्या रुंदीकरणात ज्यांच्या घरांचे दर्शनी भाग गेले, त्यांच्यापैकी काहींशी मी बोललो आहे. रस्ता रुंद व्हायला नको होता असे म्हणणारे त्यांत फार थोडे होते. आपल्याला वेळेवर विचारले गेले नाही, ही त्यांची व्यथा होती.

विचारले न जाण्याची किंमत पैशातही मोजावी लागते. निरंजनपूर ते राजीव गांधी चौक हा सुमारे साडेअकरा किलोमीटरचा बीआरटीएस (जलद बससेवेचा) मार्ग २०१३ मध्ये सुरू झाला आणि २०२५ च्या फेब्रुवारीत उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर तो काढून टाकण्याचा मार्ग मोकळा झाला. बससाठी स्वतंत्र मार्गिका असावी असे मला व्यक्तिशः आजही वाटते, आणि रोज त्या बसने जाणाऱ्यांचे हित त्यात होते. परंतु ज्या प्रवाशांसाठी ती होती, त्यांचा संघटित आवाज त्या सबंध बारा वर्षांत कुठेच उभा राहिला नाही. वाहनचालकांची तक्रार मात्र रोज ऐकू येत होती. चौकाचौकांत रस्ता कसा ओलांडायचा, थांब्यापर्यंत वृद्ध माणूस कसा पोहोचणार, हे प्रश्न सुरुवातीलाच त्या त्या मोहल्ल्यांत बसून सोडवले असते, तर तो मार्ग लोकांनी आपला मानला असता, असे माझे मत आहे.

याच्या उलट उदाहरणही आपल्याच शहराचे आहे. १९७० मध्ये नर्मदेचे पाणी इंदूरला आणावे म्हणून नागरिकांनी आंदोलन केले. विद्यार्थी, कामगार, व्यापारी आणि निरनिराळ्या पक्षांचे लोक त्यात एकत्र होते. यशवंत सागर आणि बिलावली या तलावांवर वाढते शहर चालणार नाही हे लोकांना कळले होते आणि ते शासनाच्या आधी कळले होते. सुमारे सत्तर किलोमीटरवरील, नर्मदाकाठच्या जलूदहून पाणी वर चढवून आणण्याची योजना मंजूर झाली आणि १९७८ मध्ये नर्मदा इंदूरच्या नळांना आली. १९९१ च्या जनगणनेत जवळपास ११ लाख आणि २०११ मध्ये १९ लाखांहून अधिक झालेली ही वस्ती त्या पाण्याशिवाय इथे उभीच राहिली नसती. तेव्हा शहराच्या वाढीबद्दलचा सर्वांत दूरगामी निर्णय नागरिकांनी पुढे होऊन घडवला आहे, हे परिषदेत बोलताना कोणी तरी आठवण करून द्यावे.

स्वच्छतेचा अनुभवही येथे उपयोगी पडेल. २०१७ पासून इंदूरने स्वच्छतेत पहिला क्रमांक राखला, तो केवळ गाड्या आणि यंत्रे घेऊन नव्हे. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, ही एक सुस्पष्ट कृती प्रत्येक घराला रोज सांगितली गेली, आणि गाडी खरोखर वेळेवर आली. देवगुराडियाचा जैव-सीएनजी प्रकल्प चालतो तो त्या वेगळ्या केलेल्या ओल्या कचऱ्यावर. सहभाग मागताना काम ठरावीक असले आणि त्याचे फळ दिसले, तर इंदूरकर मागे राहत नाहीत. नियोजनात मात्र आपण लोकांना ‘आपले अमूल्य विचार कळवा’ असे सांगतो आणि पुढे मौन पाळतो.

म्हणून परिषदेकडे आपण पहिली मागणी करावी ती उत्तराची. आलेल्या प्रत्येक आपत्तीला क्रमांक, ती मान्य की अमान्य, आणि अमान्य असल्यास कारण दोन ओळींत, असा तक्ता वॉर्डनिहाय प्रसिद्ध झाला पाहिजे. प्रारूपावरील आपत्तींची सुनावणी परिषद घेत नाही हे खरे, परंतु निगमाचे प्रतिनिधी त्या समितीत असतात आणि परिषद तसा ठराव करून तो संचालनालयाकडे पाठवू शकते. निगमाच्या स्वतःच्या रस्ता-रुंदीकरणाच्या प्रकरणांत तर तिला कोणाची वाट पाहण्याचे कारणच नाही. आपल्या दीडशे अर्जांचे काय झाले हे आपल्याला न कळणे, हा माझ्या दृष्टीने साऱ्या व्यवस्थेतील सर्वांत मोठा दोष आहे, कारण एकदा असा अनुभव आलेला माणूस दुसऱ्यांदा येत नाही.

दुसरी मागणी अधिक तांत्रिक आहे, पण तिच्यावर माझा भर आहे. अधिनियमाच्या कलम २० नुसार विकास योजना प्रसिद्ध झाल्यावर स्थानिक प्राधिकारी आपल्या क्षेत्रासाठी परिक्षेत्रीय योजना, म्हणजे झोनिंग प्लॅन, तयार करू शकतो. सबंध शहराची योजना एका मोठ्या कागदावर असते. त्यात आपली गल्ली दिसत नाही, फक्त रंग दिसतो. परिक्षेत्रीय योजनेत शाळेची जागा, वाहनतळ, भाजीबाजार, बगिचा, अंतर्गत रस्ता हे सारे खसऱ्यासह येते, आणि लोक ज्याच्याबद्दल खरोखर बोलू शकतात ते हेच आहे. इंदूरच्या विकास योजना २०२१ चे निवेश क्षेत्र सुमारे ५०५ चौरस किलोमीटर होते. एवढ्या क्षेत्रावर एका सभागृहात तीस दिवसांत जनतेचे मत घेणे शक्यच नाही. ८५ वॉर्डांच्या या शहरात परिषदेने काही झोन निवडून तरी हे काम हाती घ्यावे आणि त्याच्या बैठका संध्याकाळी, मोहल्ल्यातील शाळेत घ्याव्यात. सकाळी अकरा वाजता कार्यालयात ठेवलेल्या सुनावणीला नोकरदार, फेरीवाला आणि घरकाम करणारी बाई यांपैकी कोणीही येऊ शकत नाही.

येथे एक गोष्ट आपल्याच संघाबद्दल, स्पष्टपणे पण आपुलकीने सांगतो. रहिवासी संघ म्हणजे बहुधा घरमालकांचा संघ असतो. भाडेकरू, वसतिगृहांत राहणारी विद्यार्थी मंडळी, नाल्याकाठच्या वस्त्या आणि शहराच्या सीमेवरील गावे यांचा त्यात समावेश नसतो. २०१४ मध्ये २९ गावे निगमाच्या हद्दीत आली. तेथील लोक शेतकरी म्हणून झोपले आणि शहरवासी म्हणून जागे झाले, पण मलवाहिनी आणि पाणी त्यांच्याकडे त्या वेगाने पोहोचले नाही. सुपर कॉरिडॉरसारख्या भागांत इंदूर विकास प्राधिकरणाच्या योजनांमध्ये आता जमीन एकत्र करून त्यातील निम्मी विकसित भूखंडाच्या रूपात परत देण्याची पद्धत आहे. शेतकऱ्याचा प्रश्न तेथे ‘योजना हवी की नको’ असा नसतो. परत मिळणारा भूखंड कोणत्या रस्त्यावर असेल, किती वर्षांनी मिळेल आणि तोवर घर कशावर चालेल, असा असतो. त्याच्या भाषेत आणि त्याच्या गावात जाऊन हे विचारले पाहिजे. आपला संघ परिषदेपुढे बोलणार असेल तर आपल्या मागच्या नाल्याकाठच्या वस्तीतील दोन माणसे, त्यात एक स्त्री, बरोबर न्यावीत. पाणी कुठे तुंबते हे त्यांना आपल्यापेक्षा नक्की ठाऊक असते.

मधल्या काळातील सूचनांवरही लक्ष ठेवावे. योजना मंजूर झाल्यावर ती स्थिर राहते असा समज आहे, तो बरोबर नाही. कलम २३-क खाली राज्य शासन तिच्यात उपांतरण, म्हणजे फेरबदल, करू शकते, आणि त्याची सूचना वर्तमानपत्रांत येऊन आपत्तीसाठी अवघे पंधरा दिवस मिळतात. ‘आमोद-प्रमोद’ (मनोरंजनासाठी) किंवा हरित म्हणून राखलेली जमीन निवासी वा वाणिज्यिक होते ती बहुधा या वाटेने. लहान अक्षरांतील त्या जाहिराती वाचण्याचे काम संघातील एका सदस्याकडे कायमचे सोपवावे. विशेषतः हल्ली, कारण २०२१ हे उद्दिष्टवर्ष उलटले तेव्हा नवी योजना तयार नव्हती आणि शहर जुन्याच चौकटीत पुढे वाढत राहिले. अशा संधिकाळात एकेक खसऱ्याचे निर्णय एकत्र केले तर एक वेगळेच शहर तयार होते, जे कोणीही कधी प्रारूप म्हणून लोकांपुढे ठेवलेले नसते. उज्जैन, देवास आणि धारपर्यंतचा महानगर प्रदेश एकत्र पाहण्याची जी कल्पना पुढे आली आहे, तिच्यात निर्णयाचे ठिकाण मोहल्ल्यापासून आणखी दूर जाण्याचा धोका आहे. त्याबद्दल पार्षदांनी आताच विचारावे.

आता आपल्या अर्जाबद्दल. प्रारूप किंवा वर्तमान भूमी उपयोग नकाशा प्रसिद्ध झाल्याबरोबर आपल्या भागाचे पान मोठ्या आकारात छापून घ्यावे आणि पहिल्याच रविवारी तो कागद हातात धरून हद्दीवरून पायी फिरावे. नकाशावर जे आहे आणि जमिनीवर जे नाही, आणि जमिनीवर जे आहे आणि नकाशावर नाही, तेवढेच टिपावे. एका अर्जात एकच मुद्दा लिहावा. खसरा क्रमांक, नकाशातील स्थान, चूक काय, पुरावा कोणता आणि त्याऐवजी काय हवे, इतके आले की पुरे. ‘जनहिताच्या दृष्टीने’ वगैरे प्रस्तावना लागत नाही. शेवटचे, म्हणजे पर्याय, लिहायला लोक विसरतात. ‘येथे रस्ता नको’ असे लिहिणाऱ्यापेक्षा ‘हा रस्ता चाळीस फूट उत्तरेला, शासकीय जमिनीवरून न्यावा’ असे लिहिणाऱ्याचा अर्ज समितीला बाजूला सारता येत नाही, कारण त्यावर तिला तपासणी करावीच लागते. दीडशे सह्यांचा एक अर्ज देण्यापेक्षा पंधरा घरांचे पंधरा वेगळे, आपापल्या माहितीचे अर्ज द्यावेत. नाल्याच्या पाण्याची छायाचित्रे पावसाळ्यातच, तारखेसह काढून ठेवावीत, कारण सूचना कोणत्या महिन्यात निघेल ते आपल्या हातात नाही. कान्ह आणि सरस्वती या दोन्ही नद्यांच्या काठच्या मोहल्ल्यांनी तर हे दरवर्षी करावे.

अर्ज स्वतः कार्यालयात जाऊन द्यावा, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यावा, आणि सुनावणीची तारीख लेखी मागावी. सुनावणीत पाच मिनिटांहून अधिक मिळत नाहीत, म्हणून तेथे अर्ज वाचून दाखवू नये. नकाशा टेबलावर पसरावा आणि बोट ठेवून दाखवावे. तीन महिन्यांत उत्तर आले नाही तर त्याच आवक क्रमांकाचा उल्लेख करून माहितीच्या अधिकाराखाली आपत्तीवरील शेऱ्याची प्रत मागावी. आपल्या दीडशे जुन्या अर्जांसाठीही ही वाट अजून खुली आहे, आणि परिषदेच्या बैठकीपूर्वी ती प्रत हाती आली तर आपल्या पार्षदांना बोलण्यासाठी त्याहून चांगला आधार मिळणार नाही.